ऊसतोडीच्या कोप्यांवर बाळांच्या जुलाबाबद्दल सांगायचंय, मराठीत तयार साहित्य कुठे मिळेल?

चिंचेचंपान | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. एरवी पाककृतींच्या धाग्यांवर नाक खुपसणारी मी, आज वेगळ्याच कामासाठी आलेय.

आमची चौघांची लहानशी संस्था आहे. कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या की हंगामभर आम्ही आठवड्यातून दोनदा तिथे जातो. यंदा सहा टोळ्या आहेत, सगळे मिळून दीडशेच्या आसपास कोयते (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता). दरवर्षी पहिल्या महिन्यात तेच होतं: लहान पोरांना जुलाब. पाणी कधी कालव्याचं, कधी शेतमालकाच्या बोअरचं, कधी टँकर आला तर टँकरचं. ओआरएसची पाकिटं आशाताई देऊन जातात, आम्हीही देतो. ती पाकिटं कोपीच्या छपरात पाचटात खोचलेली सापडतात, न फोडलेली. गेल्या वर्षी एकाच कोपीत नऊ मोजली.

म्हणून यंदा नुसतं वाटप करायचं नाही, नीट समजावून सांगायचं असं ठरवलंय. पोस्टर, फ्लिपचार्ट, छोटे व्हिडिओ, काहीही चालेल. मराठीत हवं आणि फुकट हवं. जे सापडलं त्यात 'अतिसार', 'निर्जलीकरण', 'जलशुष्कता' असे शब्द आहेत. नर्सिंगच्या पुस्तकाबाहेर हे कुणी बोलताना मी तरी ऐकलेलं नाही. कुणाला काही माहीत आहे का?

फक्त_वाचक | ११ नोव्हेंबर, रात्री १०:४८

वाचनखूण साठवली. मदत शून्य, पण धागा वर राहावा म्हणून हा प्रतिसाद.

नेवार्कची_माई | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

चिंचे, मी इकडे एका सार्वजनिक आरोग्याच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे असलं शोधून देणं हा माझा रोजचा धंदा आहे. काय आहे ते सांगते, आणि काय नाही तेही.

सगळ्यात मोठं कोठार म्हणजे 'कंपास फॉर एसबीसी' (एसबीसी म्हणजे सामाजिक आणि वर्तनबदल). बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं संवाद केंद्र ते चालवतं. देशोदेशीच्या मोहिमांची पोस्टरं, रेडिओ नाटुकल्यांच्या संहिता, प्रशिक्षणाच्या पुस्तिका, सगळं तिथे आहे. मराठीसाठी मी काल तासभर खणलं, हाती काही लागलं नाही. पण तिथल्या तयार पोस्टरांपेक्षा 'पोस्टर करण्याआधी काय करावं' यावरच्या मार्गदर्शिका खऱ्या कामाच्या आहेत. इंग्रजी आहे, तरी सोपं आहे.

चित्रं हवी असतील तर 'हेस्पेरियन' शोध. खेड्यात जिथे डॉक्टर पोचत नाही तिथल्या आरोग्यसेवकांसाठी पुस्तकं काढणारी ही संस्था. मजकूर ऑनलाइन फुकट वाचता येतो. साध्या रेषांची चित्रं असतात, झेरॉक्समध्येही टिकतात. वापरायच्या अटी मात्र तिथेच वाचून घे. व्हिडिओंसाठी 'ग्लोबल हेल्थ मीडिया'. बोलणं कमी, हातांनी करून दाखवणं जास्त. कॉलऱ्यावरचं त्यांचं छोटं ॲनिमेशन बघच.

मराठीत वाचायला सी-डॅकच्या 'विकासपीडिया'वर आरोग्याचा विभाग आहे, आणि डॉ. शाम अष्टेकरांचं 'आरोग्यविद्या' आहे. दोन्हीकडे माहिती बरी आहे, पण ती तुझ्यासाठी. कोपीवरच्या बाईसाठी नव्हे.

फोनवर ऐकवण्यासारखी म्हणजे 'किलकारी'. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक असे ७२ फोन येतात, फुकट. बिहारमध्ये सुरू झालेली ही सेवा, फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात मराठीत आली. बाईची नोंद सरकारी प्रणालीत असेल तरच फोन येतो, आणि नोंदीतला नंबर चालू असायला हवा. तुझ्या बायकांचे नंबर हंगामागणिक बदलत असतील तर विचारून बघ, कितीजणींना येतो ते.

एक सूचना. जे आवडेल ते लगेच उतरवून ठेव. २०२५ च्या फेब्रुवारीत यूएसएडची, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी मदतसंस्थेची, साइट एका रात्रीत गेली, आणि त्या पैशावर उभं राहिलेलं बरंच काही तेव्हापासून डळमळीत आहे. वाचनखुणेवर भरवसा ठेवू नकोस.

जाहिरातवाला_माजी | १२ नोव्हेंबर, दुपारी १:०५

ताई, पोस्टर सगळ्यात शेवटी करा. आयुष्याची सव्वीस वर्षं पोस्टरं करण्यात घालवलेला माणूस सांगतोय.

मुंबईकरांना २००२ चा डिसेंबर आठवत असेल. शहरभर होर्डिंगं लागली, 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' खाली काही नाही. लोकलच्या डब्यात, टपरीवर एकच चर्चा, कोण हा बलबीर? मी तेव्हा दुसऱ्या एजन्सीत होतो, जळून खाक झालो होतो. मग हळूहळू बलबीर उलगडत गेला. एकाच बाईकडे जातो म्हणून स्वतःला सुरक्षित समजणारा, दारू प्यायल्यावर निरोध विसरणारा. त्यावर टीकाही झाली, दोष धंदा करणाऱ्या बाईच्या माथी मारल्यासारखा दिसतो म्हणून, आणि ती टीका चुकीची नव्हती. पण करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पक्की केली होती: आपण कुणाशी बोलतोय, आणि त्याच्या मनात नेमकी कोणती पळवाट आहे. तुमचा बलबीर कोण?

दुसरं, चाचणी. चित्र दाखवून 'कळलं का?' असं चुकूनही विचारू नका. आपल्याकडे सगळे 'हो' म्हणतात, पाहुण्याचा मान म्हणून. 'यात काय चाललंय?' असं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. दिवसभर गाव झाडायचं, आणि रात्री कीर्तनात प्रश्न टाकून समोरच्यांच्या उत्तराची वाट बघायची. वऱ्हाडीत विचारायचं, वऱ्हाडीत उत्तर घ्यायचं. आम्ही त्यालाच पुढे 'प्री-टेस्टिंग' म्हणून बिलं लावली.

डॉ_पातळभाजी | १२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

निवृत्त बालरोगतज्ज्ञ. साहित्य कुठलंही घ्या, पण आतला मजकूर चुकू देऊ नका, म्हणून लिहितो.

मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. बाजारात २०० मिलीची छोटीही मिळतात, त्यामुळे हातातलं पाकीट वाचूनच माप सांगा. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर ते फार खारट होतं आणि बाळाला घातक ठरतं. थोडं थोडं करून वापरायचं नाही, पाकीट एकदम फोडून पूर्ण विरघळवायचं. तयार पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, त्यावरच्यांना अर्धा ते एक कप. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवायचं.

झिंकच्या गोळ्या १४ दिवस. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅमची एक, दोन ते सहा महिन्यांपर्यंत अर्धी, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. आणि शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, मूल मलूल, पाणीही पीत नाही, सगळंच ओकून टाकतं, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही, दवाखाना किंवा १०८.

टेट्रापॅकमधल्या गोड पेयांपासूनही सावध करा. नावात 'ओआरएस' लावून साखरपाणी विकण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालला होता. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी अनेक वर्षं लावून धरलं, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नावातला तो शब्द काढायला लावला. जुना माल मात्र टपऱ्यांवर दिसत राहील.

शंकासुर | १२ नोव्हेंबर, रात्री ११:५५

सगळं छान चाललंय, पण मूळ प्रश्न कुणी विचारला का? कालव्याचं पाणी पाजून त्यांना वर 'वर्तनबदल' शिकवायचा! वर्तन बदलायचं असेल तर कारखान्याचं बदला, मुकादमाचं बदला. हातपंप द्या, चार संडास द्या, मग पोस्टर लावा. 'गुड मॉर्निंग पथकं' आठवतात ना? पहाटे उठून हागणदारीत बसलेल्या माणसाला गुलाबाचं फूल द्यायचं, फोटो काढायचा. घरात पाणी नाही, खड्डा खणायला जागा नाही, पण लाज मात्र त्याचीच काढायची. हे वर्तनबदल प्रकरण म्हणजे सरकारच्या चुकीचं खापर गरिबाच्या सवयीवर फोडणं आहे.

डॉ_पातळभाजी | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

शंकासुर, पाण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण हातपंप येईपर्यंत आज रात्री ज्या बाळाला वीस वेळा झालंय त्याचं काय? १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला तेव्हा सलाईन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. छावणीचं पाणी सुधारायची वाट पाहिली असती तर प्रेतंच मोजावी लागली असती. दोन्ही हवं. एकासाठी दुसरं थांबवू नका.

कोयता_सोडलेला | १३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

बऱ्याच वर्षांनी लॉग इन केलं. राहवलं नाही.

मी बीड जिल्ह्यातला. आईबाप मिळून एक कोयता. वयाच्या पाचव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत दर दिवाळीनंतर मी कोपीवर होतो. आता पुण्यात एसीत बसून दुसऱ्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या काढतो. तुमची पाकिटं का फुटत नाहीत ते सांगतो.

पहिली गोष्ट, लिटर. कोपीत असतो हंडा, कळशी, तांब्या, एक-दोन पातेली. लिटर म्हणजे किती हे कुणाला सांगता येणार? आणि एक लिटर पाणी कालवून दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचं! डोक्यावरून आणलेलं पाणी! माझ्या आईने तुम्हाला वेड्यात काढलं असतं.

दुसरी, तुमचं औषध जुलाब थांबवत नाही. हे तुम्ही कुणी सांगतच नाही. पाजलं, आणि पोरगं पुन्हा बसलंच. मग बायका म्हणतात, गुण येत नाही. त्यापेक्षा गावातला तो सुईवाला बरा. सलाईन लावतो, पोरगं तासाभरात डोळे उघडतं. पैसे मुकादमाकडून उचलीत लागतात, पण गुण दिसतो.

तिसरी गोष्ट लिहायला जड जातंय. चिंचताई, तुम्ही आयांना समजावणार आहात. आई कुठे असते? पहाटे चारला फडात गेलेली असते. संध्याकाळी ट्रॅक्टर भरून झाला की येते. एक दिवस राहिली तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. माझ्या धाकट्या भावाला दिवसभर कोण सांभाळायचं? मी. मी आठ वर्षांचा होतो. त्याला जुलाब लागले तेव्हा मी त्याचं पाणी बंद केलं होतं, कारण पाणी पाजलं की जास्त होतं हे मला डोळ्यांनी दिसत होतं. तो वाचला, आता ट्रक चालवतो. पण आमच्या शेजारच्या कोपीतलं बाळ त्याच आठवड्यात गेलं.

कोपीवर येऊन कुणीही कधी माझ्याशी बोललं नाही. 'आई कुठेय?' एवढंच विचारायचे.

चिंचेचंपान | १३ नोव्हेंबर, रात्री ११:१०

दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आम्ही चार हंगाम जातोय, आणि दर वेळी पोरींना 'आईला बोलाव गं' म्हणून पिटाळत आलोय. उद्या लिहिते. आज सुचत नाही.

जाहिरातवाला_माजी | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:००

सापडला बलबीर. दहा वर्षांची आहे, कडेवर भाऊ आहे.

नेवार्कची_माई | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

आता मी दिलेली यादी बाजूला ठेव. दोनच गोष्टी सांगते.

एक, 'बॅरियर ॲनालिसिस' नावाची पद्धत आहे, पुस्तिका ऑनलाइन फुकट. जे करतात असे ४५ आणि जे करत नाहीत असे ४५ जण घ्यायचे, दोघांना तेच प्रश्न विचारायचे, आणि उत्तरं कुठे वेगळी पडतात ते बघायचं. तुझ्याकडे ९० जण नसतील तर दहा-दहा घे. आकडेवारी म्हणून मिरवू नकोस, पण कान तरी उघडतील. पाकीट फोडणाऱ्याही कुणीतरी असतीलच की! त्यांना काय वेगळं जमलं?

दोन, 'सुपरअम्मा'. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात १४ गावांत हात धुण्याचा प्रयोग झाला. त्यात जंतू, रोग, जुलाब हे शब्दच नव्हते. होती एक आई, जिला आपलं पोर मोठं होऊन चांगलं निघावं असं वाटतं, आणि होती किळस. सुरुवातीला साबणाने हात धुणारे शंभरात एक-दोन होते. सहा महिन्यांनी मोहीम झालेल्या गावांत ३७ टक्के, न झालेल्या गावांत ६ टक्के. म्हणजे 'आरोग्यासाठी करा' यापेक्षा दुसरंच काही माणसाला हलवतं. त्यांच्या फिल्म आणि साहित्य साइटवर ठेवलेलं आहे. तुझ्या त्या भाऊ सांभाळणाऱ्या ताईला काय हलवेल ते तिलाच विचारायला हवं.

डॉ_पातळभाजी | १४ नोव्हेंबर, रात्री ८:५०

कोयता_सोडलेला यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर बोलतो, कारण तिथे आम्ही डॉक्टर मंडळी अपराधी आहोत.

बांगलादेशात १९८० ते १९९० या काळात ब्रॅक संस्थेच्या बायका सव्वा कोटीच्या आसपास घरांत दारोदार गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, आयांनी स्वतः कालवायचं. पगार किती घरं केली यावर नव्हता. नंतर तपासनीस जायचा, आईला काय लक्षात राहिलं ते विचारायचा, तिने केलेलं पाणी तपासायचा, त्यावर पगार. तरी पहिल्या काळात आया सगळं बरोबर सांगायच्या आणि वापरायच्या मात्र थोड्याच. खोदून पाहिलं तर कळलं की शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता, स्वतःच्या घरी त्या दुसरं औषध द्यायच्या. शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी विचारलंच नव्हतं. दोन्ही सुधारलं, तेव्हा गाडी पुढे गेली. (हे घरगुती माप आपल्याकडे आज शिकवू नका. पाकीट फुकट मिळतंय, मिठाची चूक कशाला?)

तर चिंचताई, तुमच्या चौघांपैकी कितीजण स्वतःच्या पोराला जुलाबात आधी ओआरएस देतात? प्रामाणिकपणे मोजा. आणि बायकांना स्पष्ट सांगा: हे औषध जुलाब थांबवत नाही, बाळ सुकू देत नाही. जुलाब आपल्या गतीने थांबतील.

अमृततुल्य | १४ नोव्हेंबर, रात्री ९:०५

अवांतर: आमच्या घरी 'सुकणे' हाच शब्द होता. आजी म्हणायची, पोर सुकलं, टाळू खोल गेली. निर्जलीकरण हा शब्द ज्या कुणी पोस्टरवर टाकला त्याला कुणीतरी आजी भेटायला हवी होती.

शंकासुर | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

दहा वर्षांच्या मुलीला आरोग्यसेविका करून टाका म्हणजे झालं. ती शाळेत असायला हवी, हे कुणाच्या लक्षात आहे का?

कोयता_सोडलेला | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४१

आहे, भाऊ. माझ्या तर फारच लक्षात आहे. साखरशाळा (ऊसतोड्यांच्या पोरांसाठीची शाळा) कागदावर होती, आम्ही कोपीवर होतो. ती शाळेत जाईल तेव्हा जाईल. उद्या सकाळी मात्र भाऊ तिच्याच कडेवर असणार.

चिंचेचंपान | ६ डिसेंबर, रात्री ९:३०

मंडळी, तीन आठवडे गायब होते. हिशोब द्यायला आलेय. मोठा प्रतिसाद आहे, चहा घेऊन बसा.

आधी डॉक्टरकाकांच्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही चौघे. स्वतःच्या पोराला आधी ओआरएस दिलेले, दोन. मी त्या दोघांत नाही. मी मेडिकलमधून 'थांबवायची गोळी' आणली होती. लाज वाटली, लिहून टाकलं.

पोस्टरची चाचणी जाहिरातवाले काकांनी सांगितली तशीच केली. एका सरकारी पोस्टरवर बाळाचा खोल गेलेला डोळा वेगळ्या गोलात मोठा करून दाखवलाय. 'यात काय चाललंय?' विचारून गप्प बसले. सातजणींपैकी पाचजणी म्हणाल्या, डोळे आलेत. एकीला तो गोल म्हणजे भिंग वाटलं, म्हणून ही डॉक्टरीण. हात धुण्याच्या चित्रात नळ होता. एक आजी म्हणाली, 'नळ असलेल्या लोकांचं हाय हे.' तिने कागद परत माझ्या हातात दिला.

शब्द विचारले. अतिसारावर शांतता. जुलाब सगळ्यांना कळतो, पण आपापसात बोलताना हगवण, ढाळ, नाहीतर 'पोराला सारखं परसाकडं होतंय' असंच. 'सुकलं' हा शब्द मात्र टाकताच चौघी एकदम बोलायला लागल्या. अमृततुल्य, आजीला नमस्कार.

माईच्या पद्धतीने दहा आणि दहा करायला गेले. फोडणाऱ्या सहाच सापडल्या. सहाजणींत चौघींकडे एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली होती! न फोडणाऱ्या दहाजणींत एकीकडे. यावरून शास्त्र काढत नाही, पण आम्ही त्याच संध्याकाळी तांबे मोजले. सगळ्यांत लहान तांब्यात पाऊण लिटरही मावत नव्हतं, मोठ्यात सव्वा लिटर. आम्ही चार वर्षं 'एक तांब्या पाण्यात' असं सांगत होतो. आता शहरातून लिटरच्या बाटल्या गोळा करतोय, लग्नाच्या हॉलवर पोतंभर मिळाल्या. धुऊन, मानेशी लाल चिकटपट्टी लावून कोपीगणिक एक देतोय. उरलेलं पाणी फेकण्याचा प्रश्न बाटलीने थोडा सुटला. झाकण असतं, दिवसभरात पोरी स्वतःही घोट घेतात, संध्याकाळपर्यंत संपतं.

आता ताया. सकाळी दहाच्या सुमारास गेलो, आया नसताना. मुकादमाला आधी सांगून, आणि आदल्या संध्याकाळी आयांना विचारून. पहिल्या दिवशी बारा पोरी आणि तीन पोरं, प्रत्येकाच्या कडेवर कुणीतरी. आम्ही चित्रं नेली नव्हती. एक फाटका हातमोजा नेला होता, बोटाला टाचणीने भोक. हा बाळू, म्हटलं. पाणी भरलं, भोकातून गळायला लागलं. भोक बुजवायचं नाही, बुजवता येत नाही. बाळू सुकू द्यायचा नाही, तर काय कराल? एक नऊ वर्षांची पोर म्हणाली, 'वरून ओतत ऱ्हायाचं.' पुढचा तासभर आम्ही काही शिकवलं नाही, त्या ओतत होत्या.

दुसऱ्या फेरीत धोक्याच्या खुणा घेतल्या. रक्त, मलूल पडणं, पाणी न पिणं. यातलं काही दिसलं तर बाळू घेऊन बसायचं नाही, फडाकडे धावायचं किंवा टोळीत मागे राहिलेल्या मोठ्या माणसाला सांगायचं. प्रत्येक टोळीत मागे राहणारं एक म्हातारं माणूस हेरून त्याच्या फोनमध्ये १०८ घालून दिलाय.

शंकासुर, तुम्ही म्हणता ते डोक्यात ठेवूनच तालुक्याला दोन अर्ज दिलेत, एक पाण्याच्या टाकीचा, एक कोप्यांजवळ पाळणाघराचा. पोच मिळाली आहे, पाणी नाही.

झिंकमध्ये मात्र आपटलो. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात, गोळी बंद होते. चौदा दिवसांचं गणित बसत नाही. कोपीच्या मेढीवर खडूने रेघ मारायला सांगितलं, थोडं चाललं. मग एका बाईने स्वतःच म्हटलं, 'गोळीचा खाडा करायचा न्हाई.' सगळ्या हसल्या. मला वाटलं, हेच घोषवाक्य! छापायच्या आधी इथे विचारते.

जाहिरातवाला_माजी | ६ डिसेंबर, रात्री ९:५८

उभा राहून टाळ्या. असली ओळ लिहायला आम्ही महिना घ्यायचो आणि तरी जमायची नाही. आजच छापा.

शंकासुर | ६ डिसेंबर, रात्री १०:३०

अर्ज दिलेत हे वाचून बरं वाटलं. पण खाडा हा मुकादमाचा शब्द आहे. त्या शब्दाने त्यांच्या मजुरीतून पैसे कापले जातात. तोच शब्द बाळाच्या औषधाला लावणार?

कोयता_सोडलेला | ७ डिसेंबर, सकाळी ८:१०

मला दोन्ही पटतंय. ओळ वाचून मी हसलो, आणि लगेच पोटात गोळाही आला. आईला फोन करून ऐकवली. ती म्हणाली, 'खाडा म्हनलं की मुकादमच दिसतो, पोरगं न्हाई दिसत.' पण ती आता कोयत्यावर नाही. ज्या आहेत त्यांनाच विचारा.

चिंचेचंपान | १२ डिसेंबर, रात्री १०:००

विचारलं. तरण्या बायकांना ओळ आवडली, म्हाताऱ्या गप्प राहिल्या. एक म्हणाली, तोंडाने म्हणू, भिंतीवर नको. म्हणून छापली नाही. ती त्यांच्या तोंडी आहे, राहील तितके दिवस राहील. चौदा गोळ्यांची पट्टी आता मेढीला दोऱ्याने टांगतोय, रिकामी झालेली पट्टी दाखवली की पोरीला केसांची रिबन. काकांना हे लाच वाटेल, वाटू दे.

आता एक अडचण. दोन टोळ्या बंजारा आहेत. मोठ्यांना मराठी येतं, पण ताया आपापसात गोरमाटीच बोलतात, आणि हातमोज्याचा खेळ मराठीत चालला की मागच्या मागे पांगतात. त्यांच्यासाठी दोन मिनिटांचा आवाज हवाय, बाईचा, फोनवर ऐकवता येईल असा. ऑनलाइन कुठे मिळेल असं आता विचारत नाही. कुणाच्या ओळखीत कुणी बोलणारं आहे का?

कोयता_सोडलेला | १२ डिसेंबर, रात्री १०:२५

आमच्या गावाशेजारच्या तांड्यावर आईची मानलेली बहीण आहे. तीस हंगाम केलेत तिने. उद्या विचारतो.

डॉ_पातळभाजी | १२ डिसेंबर, रात्री १०:४०

रेकॉर्डिंग आलं की अर्थ मराठीत लिहून मला पाठवा, माप आणि खुणा तपासून देतो. भाषेला हात लावणार नाही.

कोयता_सोडलेला | १६ डिसेंबर, संध्याकाळी ७:४५

ताई, मावशीचा आवाज व्यक्तिगत निरोपातून पाठवलाय, अर्थ काकांना पाठवलाय. दोन मिनिटं सांगितली होती, ती पाच मिनिटं बोललीय. मध्येच नातवाला ओरडलीय आणि मागे कोंबडा आरवतोय. कापून देऊ का?

चिंचेचंपान | १६ डिसेंबर, रात्री ८:०२

नको. ओरडणं पण राहू दे, कोंबडा पण.